माझ्या नावाचं पेज आणि ड्रॉवरमधलं डोंगल

मी गावची सरपंच म्हणून निवडून आले, तो निकाल लागला २० डिसेंबर २०२२ ला, आणि माझ्या नावाचं फेसबुक पेज आहे हे मला कळलं १ जानेवारीला, म्हणजे बरोबर तेराव्या दिवशी. तेरावा म्हणलं की लोकांना दुसरंच आठवतं, पण काय करणार, मी मोजलंय. माहेरून धाकट्या बहिणीचा फोन आला, म्हणली ताई तू एवढं भारी लिहायला कधी शिकलीस गं. म्हणलं काय लिहिलं मी? मग तिने वाचून दाखवलं, "माझ्या मायबाप जनतेने टाकलेल्या विश्वासाला तडा जाऊ देणार नाही, या मातीचं ऋण फेडण्यासाठी हा देह झिजवणार", आणि शेवटी नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. मी त्यावेळी चुलीपुढं भाकरी थापत होते. देह झिजतच होता म्हणा, पण तो मातीच्या ऋणासाठी नव्हता.

पेजवर गेले तर वरचा फोटो असा, की मधे आमचे हे, गॉगल लावून, हात जोडून, कमरेपर्यंत. वर ओळीने पाच नेत्यांची गोल डोकी. खाली कार्यकर्त्यांची चौकोनी डोकी, कुणाचं कुणाच्या आधी यावरून तालुक्याच्या डिझायनरकडे भांडणं झाली होती असं नंतर कळलं. आणि कोपऱ्यात मी, लग्नातल्या अल्बममधून कापलेली, मुंडावळ्या पुसून टाकलेल्या, पण कपाळावर एक पांढरा पट्टा राहिलाच. नावाच्या आधी 'कार्यसम्राज्ञी'. अजून मी ग्रामपंचायतीची पायरीसुद्धा चढले नव्हते.

हे सगळं आधीच स्पष्ट सांगते म्हणजे पुढचं समजेल. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मतदान एकोणीसशेच्या आसपास, नऊ सदस्य, आणि सरपंच थेट लोकांतून. जागा महिलांसाठी सुटली. ह्यांनी पाच वर्षं तयारी केली होती, प्रत्येक लग्नाला, प्रत्येक मातीला हजर, आणि आरक्षण पडलं म्हणून मग घरातलं नाव पुढं आलं, ते माझं. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे अशी घरं तालुक्यात ढिगाने सापडतील, आमचं काही वेगळं नाही. मी डी.एड. झालेले, नोकरी लागली नाही, शिवणकाम करायचे. मला वाटलं होतं सहीपुरतंच काम असेल. खरं सांगायचं तर मला त्यात वाईटही वाटलं नव्हतं, उलट हायसं वाटलं होतं.

पेज चालवायचा तो डिझायनर पोरगा आणि आमचे हे. रोज एक पोस्ट. जयंती, पुण्यतिथी, एकादशी, आमदारांचा वाढदिवस, आमदारांच्या चिरंजीवांचा वाढदिवस. सगळं माझ्या तोंडून. माझ्या वतीने लोकांना उत्तरंसुद्धा जायची, हे मला कसं कळलं ते ऐका. गिरणीत दळण घेऊन उभी होते तर मागल्या आळीतली एक बाई माझ्याशी बोलेचना. दोनदा हाक मारली तेव्हा फाडकन म्हणली, "वहिनी, तुम्ही मला म्हणला होता ना लवकरच मार्गी लावू म्हणून, दीड महिना झाला, गटारीचं पाणी अजून माझ्या उंबऱ्यात येतंय." मी कधी म्हणले? तिने मोबाईल काढून दाखवला. मेसेंजरला तिने रात्री फोटो टाकलेला, लेकराचा पाय त्या पाण्यात, आणि खाली माझं उत्तर, "ताई, आपली समस्या लवकरच मार्गी लावू, धन्यवाद." तिला खोटी वाटले मी, आणि मला ती समस्याच पहिल्यांदा दिसत होती. दळण तसंच ठेवून तिच्या घरी गेले. चेंबरमध्ये प्लास्टिकची पोती अडकली होती, दुसऱ्या दिवशी शिपायाने तासाभरात काढली. तासाभराचं काम, आणि दीड महिना माझं नाव तिच्या घरात रोज संध्याकाळी निघत असणार, काय काय शब्दात ते विचारायलाच नको.

घरी येऊन म्हणलं, अहो, पासवर्ड द्या मला. हे म्हणाले कशाला डोक्याला ताप, तो पोरगा करतोय ना व्यवस्थित, त्याला महिना पंधराशे देतोय. मी गप्प बसले. ती चूक झाली.

दुसरा प्रसंग धनादेशाचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के पैसा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तो आम्ही वाटला. रक्कम अशी काही मोठी नाही, माणशी थोडी थोडीच येते. पण फोटो असा काढला की एक धनादेश आणि त्याला धरलेले सात हात. ज्याचा धनादेश तो बिचारा कुबडी सांभाळत मागं. पेजवर 'मदतीचा हात' म्हणून टाकलं, चारशेच्या वर लाईक आले, मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, मी रात्री तीन वेळा उघडून बघितलं. दुसऱ्या दिवशी त्या भाऊंच्या व्हॉट्सॲप स्टेटसला तोच फोटो. आम्हा सगळ्यांचे चेहरे पिवळ्या रंगाने झाकलेले, फक्त त्यांचा उघडा, आणि खाली लिहिलेलं, "हक्काचे पैसे आहेत, भीक नाही." त्यानंतर कुणाला काही देताना फोटो काढायचा नाही असं मी ठरवलं, पण ते माझ्यापुरतंच, पेजला कोण सांगणार.

मग आला २०२४ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता, विहिरी मार्चमध्येच तळाला गेल्या, टँकर सुरू झाला, आणि टंचाईत माणशी दिवसाला वीस लिटरचा हिशेब धरतात, म्हणजे घरात पाच माणसं असली तर शंभर लिटर, त्यात प्यायचं, भांडी, अंघोळ, जनावराचं तर नावच काढू नका. लोकांची टाळकी तापलेली. वरून लोकसभेची आचारसंहिता. अशात एके दिवशी सकाळी गावाच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला. ई-ग्रामस्वराज ह्या ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवरचा, आमच्या ग्रामपंचायतीचा, केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून पाणीपुरवठा दुरुस्तीसाठी २ लाख ८६ हजार खर्च. खाली एकच ओळ: "सरपंच ताई, पाणी कुठंय?"

मला आधी हेच माहीत नव्हतं की ते पोर्टल कुणालाही बघता येतं. कुठलं लॉगिन लागत नाही, राज्य निवडा, जिल्हा निवडा, गाव निवडा, झालं, पैसे कशाला गेले ते समोर. आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे तो खर्च मलाही माहीत नव्हता. खर्चाला दोन सह्या लागतात, ग्रामसेवकाची आणि सरपंचाची, त्या पण आता कागदावर नाही, डिजिटल. पेनड्राइव्हसारखं एक डोंगल असतं, ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, की माझी सही झाली. माझं डोंगल मी एकदाच बघितलं होतं, अंगठा आणि फोटो घेऊन बनवलं त्या दिवशी. त्यानंतर ते ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. पिन त्याच्यावरच चिकटपट्टीने लावलेला, ह्यांचा वाढदिवस.

दुपारपर्यंत तो स्क्रीनशॉट सगळीकडे. पुण्यात, मुंबईत कामाला असलेल्या पोरांच्या ग्रुपवर तर जास्तच, कारण तिथून गावाची काळजी करायला पाणी भरावं लागत नाही. तोपर्यंत आमच्या पेजवरून उत्तर गेलं होतं. सिंहाचा फोटो, मागं वीज चमकतीये, आणि "विरोधकांना उठला पोटशूळ, सिंहिणीला फरक पडत नाही". सिंहीण म्हणजे मी. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईने हे वाचलं तर तिला काय वाटेल एवढा साधा विचार त्या पोस्टमागे कुणी केला नव्हता, आणि खाली कमेंटमध्ये लोकांनी काय लिहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. माझी लेक तेव्हा आठवीत होती, तिने ते सगळं वाचलं होतं. ती काही बोलली नाही, फक्त म्हणली मम्मी मी आज ट्यूशनला जात नाही.

तेव्हा उठले आणि पहिल्यांदा एकटी ग्रामपंचायतीत गेले. ऑपरेटरला म्हणलं डोंगल दे. तो म्हणला दादांना विचारतो. म्हणलं सही दादांची आहे का? त्याने दिलं, पण आधी फोन लावलाच. मग ग्रामसेवक भाऊसाहेबांना म्हणलं त्या २ लाख ८६ हजारांची फाईल काढा. (आता त्यांना ग्रामसेवक नाही, ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात भाऊसाहेबच.) भाऊसाहेब तसा चांगला माणूस, त्यांनी सगळं समोर ठेवलं, बिलं, कोटेशन, एमबी म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, आणि समजावलं की वित्त आयोगाच्या पैशात साठ टक्के बंधित असतो, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो, म्हणून पाण्याच्या नावाने एवढा आकडा दिसतोय. दोन तास बसले मी. मोटर दोनदा जळाली होती, रिवायंडिंगची बिलं खरी, गावाला माहीत होतं. पाईप खरे, उघड्यावर पडलेले, कुणीही मोजून घ्यावेत. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर खरी. तीन हातपंपांची दुरुस्ती, ती पण झालेली. फक्त त्यातला तिसरा हातपंप जिथं आहे तिथं दहा वर्षांत पाणी नाही. दुरुस्त केला, रंगवला, दांडा नवा, आणि खाली खडक. ठेकेदार कोण, तर आमच्याच एका कार्यकर्त्याचा मेहुणा. आणि प्रमाणकावर, म्हणजे पैसे दिल्याच्या कागदावर, सही माझी.

त्या रात्री घरात काय झालं ते थोडक्यात सांगते कारण ते घरातलं आहे. आवाज चढले, आत्याबाई मधे पडल्या, आणि शेवटी मी म्हणलं की चोर कुणाला म्हणतायत, तुम्हाला का मला? ह्यावर ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. वाईट माणूस नाही माझा नवरा, त्याला खरंच वाटायचं की तो मला सांभाळतोय.

दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले. भाऊसाहेब म्हणत होते आचारसंहिता आहे, काही टाकू नका. मी म्हणलं नवीन कामाची घोषणा करत नाही, उद्घाटन नाही, झालेल्या पैशाचा हिशेब सांगतीये. मोबाईलवर टाईप करायला गेले तर सगळं पेजसारखंच यायला लागलं, 'मायबाप', 'कटिबद्ध', असले शब्द आपोआप, त्या कीबोर्डला पण सवय लागली होती बहुतेक. मग लेकीच्या वहीचं पान फाडलं आणि पेनाने लिहिलं, शाळेत फळ्यावर लिहावं तसं. कशाला किती, कुणाला दिले, बिल कुठं बघायला मिळेल. आणि शेवटी लिहिलं की तिसरा हातपंप दुरुस्त करायला नको होता, तिथं पाणी नाही हे मला माहीत असायला पाहिजे होतं, मी न बघता सही केली, सही माझी आहे. त्या पानाचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवून पाण्याला गेले.

आता इथं कुणाला वाटेल की लोकांनी टाळ्या वाजवल्या. छे. संध्याकाळपर्यंत माझ्याच पानाचा कापलेला फोटो फिरायला लागला, फक्त शेवटच्या दोन ओळी, वर लाल अक्षरात "सरपंचांची कबुली". आमच्याच गटातली माणसं घरी येऊन ह्यांना म्हणाली की वहिनींनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, विरोधकांच्या हातात कोलीत दिलं. तो मेहुणा आजही माझ्याशी बोलत नाही. आमचे हे तर चार दिवस जेवणापुरतं बोलत होते. आणि मला स्वतःलाही दोन रात्री झोप नव्हती, कारण एकदा ग्रुपवर टाकलं की ते आपलं राहत नाही, डिलीट केलं तरी लोकांनी काढून ठेवलेलं असतंच.

पण एक झालं. त्यानंतर "पाणी कुठंय" म्हणून टोमणा मारणारे लोक "मोटर कधी बसणार" असं विचारायला लागले. ह्या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्याला उत्तर नसतं, दुसऱ्याला तारीख असते. काही जण खरंच पाईप मोजून आले. आणि ती गिरणीतली बाई, तिने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, पण टँकरवर माझी घागर पुढं सरकवली. मी ती परत मागं घेतली, रांग म्हणजे रांग, नाहीतर त्याचा पण कुणीतरी व्हिडिओ काढला असता. हो, एवढी हुशारी मला तोपर्यंत आली होती.

पासवर्ड मिळाला. पेज बंद नाही केलं, पण त्या पोराला सांगितलं की माझ्या तोंडून एक अक्षर जायचं नाही मला न विचारता, जयंती-पुण्यतिथीचं तुझं तू कर. ग्रामपंचायतीचा जो वेगळा ग्रुप होता, त्यावर 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असं सेटिंग होतं, ते काढलं. पहिले पंधरा दिवस पश्चात्ताप झाला, गुड मॉर्निंग, कर्जाच्या लिंका, कुणाच्या तरी हरवलेल्या शेळीचा फोटो, आणि मधूनच शिव्या. मग रोज रात्री नऊ वाजता मी एकच गोष्ट टाकायला लागले, उद्याचं पाणी. वरची आळी सहा ते साडेसात, मधली आळी साडेसात ते नऊ, वस्ती परवा, लाईट गेली तर वेळ पुढं. पाणी सोडणारे काका मला आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, मी लिहून टाकते. ज्यांच्याकडे मोठा मोबाईल नाही त्यांच्यासाठी दूध डेअरीच्या फळ्यावर खडूने. ह्या पोस्टला लाईक किती? सात. कधी पाच. आमदारांच्या वाढदिवसाला चारशे. पण एक दिवस माझ्या मोबाईलचं चार्जिंग संपलं आणि नऊ वाजता पोस्ट गेली नाही तर साडेनऊपर्यंत दाराशी अकरा माणसं. तेव्हा कळलं बघतायत किती जण ते.

गावात मला आता 'टायमिंग वहिनी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला, कार्यसम्राज्ञीवरून थेट टायमिंग वहिनी. आता सवय झाली.

मधे सरपंचांच्या एका प्रशिक्षणाला गेले होते, बायकांची वेगळी बॅच होती. तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, आत्ता तुमचं डोंगल कुठंय? सगळ्या खाली बघायला लागल्या. एकीने हळूच सांगितलं, ह्यांच्या गाडीच्या किल्लीला. हसू आलं सगळ्यांना, पण ते हसू फार काही आनंदाचं नव्हतं. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने ह्या सरपंचपती प्रकरणावर २०२३ मध्ये समिती नेमली होती, तेही तिथंच कळलं. समितीने काय सुचवायचं ते सुचवलं असेल, पण आमच्याकडे तरी सगळं त्या पिनपाशी अडलं होतं. मी तो बदलला. आता काय आहे ते ह्यांनाही माहीत नाही आणि ते विचारतही नाहीत.

त्या प्रशिक्षणातच पाटोद्याचे माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांचा विषय निघाला. त्यांची भाषणं आपण सगळ्यांनी मोबाईलवर ऐकलेली आहेत, छत्रपती संभाजीनगरजवळचं त्यांचं गाव राज्यभर गाजलेलं, तरी २०२१ च्या ग्रामपंचायतीला त्यांची मुलगी गावात हरली. ह्याच्यावर जेवणाच्या सुट्टीत आमची भरपूर चर्चा झाली. कुणी म्हणलं लोक कृतघ्न, कुणी म्हणलं एका घराला किती वर्षं. मला वाटलं बाहेरच्या लोकांना जे व्हिडिओत दिसतं आणि गावातल्या माणसाला सकाळी नळाला जे दिसतं त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, आणि मतदान नळापाशी असतं. बरोबर असेल नसेल, मी काही अभ्यासक नाही.

२०२४ च्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा पण एक किस्सा आहे. मी म्हणले होते की पाणीपट्टी थकली, लाईटबिल भरलं नाही तर एमएसईबीवाले कनेक्शन तोडतील आणि मग पाणी मिळणार नाही. त्यातलं शेवटचं "पाणी मिळणार नाही" एवढं कापून, खाली भीतीदायक म्युझिक लावून कुणीतरी फिरवलं. ह्यावेळी सिंह नाही, वीज नाही. माझी लेक शेजारी बसली होती, तिनेच पूर्ण वाक्याचा तुकडा काढून दिला, तो टाकला आणि खाली लिहिलं, लाईटबिल अमुक इतकं, थकबाकी अमुक इतकी, तारीख अमुक. वाद दीड दिवस चालला. त्या महिन्यात पाणीपट्टी मात्र चांगली जमा झाली, भाऊसाहेब म्हणाले त्या क्लिपवाल्याचा सत्कार करायला पाहिजे.

असं नाही की मी आता फार साधी-बिधी झालेय. दिवाळीला पैठणीतला फोटो मी स्वतःच टाकला आणि दर दहा मिनिटांनी उघडून बघितला. आणि पेजवर कुणी वाईट लिहिलं की अजूनही पोटात गोळा येतो.

परवा तो डिझायनर पोरगा फोन करून म्हणला, वहिनी, पुढच्या इलेक्शनचं वारं सुटलंय, एक बॅनर करून ठेवलाय, दादा म्हणाले ह्यावेळी तुमचा फोटो मोठा घे. पाठवला. खरंच मोठा, मधोमध, हे शेजारी, गॉगलशिवाय. आत्याबाई बाजूला शेंगा निवडत होत्या, त्यांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, "ही कोण गं?" मग नीट बघितलं तर पोराने मला एवढी गोरी केली होती की माझी मलाच ओळख पटेना. त्याला फोन लावला, म्हणलं रंग माझा ठेव. म्हणला वहिनी, फ्लेक्सवर काळं येतं.

म्हणलं येऊ दे.